प्रश्न धर, शाखा मागून येते

प्रिय विद्यार्थ्यास, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. परदेशातल्या एका विद्यापीठाची संशोधनाची यादी उघडलीस आणि रात्रभर तीच बघत बसलास, हे तू लिहिलं नसतंस तरी समजलं असतं. उपयोजित गणित, पदार्थांचं विज्ञान, जैवअभियांत्रिकी, क्वांटम, रोबोट, पाणी, हवामान, मेंदू, सगळं एकाच इमारतीत. शेवटी तू विचारलंस, ‘मॅडम, मी मेकॅनिकल घेऊन चुकलो का? सगळे एआय म्हणतात. मी कुठल्या शाखेत जाऊ?’

शाखेचं मी सांगणार नाही. तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, त्याबद्दल आपल्या दोघांनाही शंका नाही, म्हणून धीर देण्यात शाई घालवत नाही. मला राग आलाय तो तुझ्या प्रश्नाचा. इतका मोठा मेसेज लिहिलास, त्यात शाखांची नावं पंधरा-वीस आली, पण तुला नेमकं काय शोधायचंय याचं एक वाक्य नाही. ती यादी वाचून गरगरायला होतं ते याच्यामुळे. प्रश्न हातात नसलेल्या माणसाला प्रत्येक दार सारखंच दिसतं.

प्रश्न धर. शाखा मागून येते. हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलंय की मुलं माझ्या आधी म्हणायची. तरी पुन्हा सांगते, कारण तू माझ्या वर्गात नव्हतास.

हार्वर्डच्या अभियांत्रिकी आणि उपयोजित विज्ञानाच्या स्कूलमध्ये विभागांच्या भिंती ठेवलेल्याच नाहीत. तिथले लोक काही सर्वज्ञ नाहीत. पण प्रश्न कधी कॉलेजचं वेळापत्रक बघून येत नाही, एवढं त्यांना कळलेलं आहे. नळीतून द्रव किती वेगाने वाहील याचा जो नियम तू दुसऱ्या वर्षाला पाठ केलास, तो प्वाझयचा. हा प्वाझय पॅरिसचा डॉक्टर. केसाएवढ्या रक्तवाहिन्यांतून रक्त कसं जातं हे त्याला समजून घ्यायचं होतं, म्हणून त्याने १८४०च्या सुमारास बारीक काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून मोजमापं घेतली. प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे नळी निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, हे त्यातून निघालं. तो मेकॅनिकलचा होता की मेडिकलचा? त्याला विचारलं असतंस तर त्याला तुझा प्रश्न कळलाही नसता.

सी.टी. स्कॅनचं तसंच. १९५६मध्ये केपटाउनच्या ग्रूट स्खूर रुग्णालयात किरणोत्सारी पदार्थांवर देखरेख करायला भौतिकशास्त्रज्ञ हवा होता, म्हणून अॅलन कॉरमॅक तिथे आठवड्यातून काही वेळ जायला लागला. कॅन्सरला किरणं देताना डॉक्टर शरीर आतून एकजिनसी आहे असं धरून हिशोब करतात हे त्याने पाहिलं. आतमध्ये हाड आहे, हवा आहे, मांस आहे, प्रत्येक जण किरणं वेगवेगळी शोषतो. मग बाहेरून मोजून आतलं कसं कळेल? एवढाच त्याचा प्रश्न. त्याचं गणित त्याने स्वतः मांडलं आणि १९६३-६४मध्ये छापलं. योहान राडोन नावाच्या गणितज्ञाने ते १९१७मध्येच सोडवून ठेवलं होतं, हे त्याला कैक वर्षांनी कळलं. १९७९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला आणि सी.टी.चं यंत्र बनवणाऱ्या हाउन्सफील्डला मिळालं. एक भौतिकशास्त्रज्ञ, दुसरा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. वैद्यकशास्त्राचं!

आता तुला जवळची वाटेल अशी गोष्ट. ह्यूस्टनचा शल्यचिकित्सक मायकेल डिबेकी याला १९५०च्या दशकात फुगलेल्या महाधमनीचा तुकडा काढून तिथे दुसरं काही तरी बसवायचं होतं. तो कापड घ्यायला दुकानात गेला. नायलॉन संपलं होतं, दुकानदाराने डेक्रॉन दिलं, म्हणजे आपलं पॉलिएस्टर. त्याने बायकोच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. लहानपणी आईकडून शिवण शिकला होता म्हणून ते जमलं. नंतर एका टेक्स्टाइल इंजिनिअरला गाठून बिनशिवणीच्या नळ्या विणायचं यंत्र करवून घेतलं.

आणि खरी मेख पुढे आहे. कापड विरळ असेल तर त्यातून रक्त झिरपतं. फार घट्ट असेल तर शरीराच्या पेशी त्याच्यात नीट रुजत नाहीत. होजिअरीसारखं विणलेलं विरळ, मागावर विणलेलं घट्ट. मग किती घट्ट? त्यासाठी १२० मिलिमीटर पारा एवढ्या दाबाखाली कापडाच्या एका चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला किती पाणी जातं ते मोजतात. हे मोजमाप तुझ्या ओळखीचं आहे. कापडातून पाणी किती जातं हे आपल्या सोलापुरात, चादरींच्या आणि टॉवेलच्या गावात, कुणाला सांगावं लागत नाही. इथे माणसाच्या छातीतली गोष्ट आणि विणकऱ्याच्या हातातली गोष्ट एकच झाली, ती फक्त एका माणसाने प्रश्न सोडला नाही म्हणून. मेडिकल टेक्स्टाइल हे शाखेचं नाव पुष्कळ नंतर रूढ झालं.

माझं सांगते, कारण तू ‘मॅडम, तुम्ही केमिस्ट्रीत राहून पाण्याकडे कशा वळलात’ असं विचारलं आहेस. वळले नाही. पूर्व भागात रंगाच्या कारखान्यांमागून जाणारं लाल-निळं पाणी मी लहानपणापासून बघत होते. रसायन शिकल्यावर कळलं की कापसावर बसणारे रिअॅक्टिव्ह रंग धाग्याशी जसे जोडले जातात, तसे पाण्याशीही जोडले जातात. पाण्याशी जोडला गेलेला रंग पुन्हा धाग्यावर चढत नाही. तो मीठ आणि क्षार घेऊन गटारात जातो. मी विषय मांडला तर एका संस्थेच्या समितीने सांगितलं, हे रसायनशास्त्र नव्हे, सिव्हिलकडे जा. सिव्हिलवाले म्हणाले, जिवाणूंचा भाग आहे, मायक्रोबायोलॉजीकडे जा. तिथे म्हणाले, तुमची पदवी कुठे आहे आमच्या विषयातली? प्रत्येकाचं बरोबर होतं आणि पाणी तसंच वाहत होतं.

मी हट्ट सोडला नाही. रंग तोडणारे जिवाणू वाढवायला एका सहकारी बाईंच्या प्रयोगशाळेत जाऊन शिकले, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून. मिठामुळे जिवाणू मरतात, म्हणून पडदा लावून गाळायचं, तर पडद्यामागे जे खारट पाणी उरतं त्याचं काय करायचं हा नवा प्रश्न. म्हणजे मेम्ब्रेन, म्हणजे दाब, म्हणजे तुमचं फ्लुइड मेकॅनिक्स, तेही शिकावं लागलं. पीएच.डी. झाली तेव्हा माझ्याबरोबरच्या बायका प्राचार्य होत होत्या. लोक अजून म्हणतात की मॅडमनी एकाच गोष्टीत खोल जायला हवं होतं, नाव झालं असतं. हळहळ मलाही आहे, खोटं कशाला बोलू? त्या कार्यालयांत गेलेली वर्षं प्रयोगशाळेत गेली असती तर आज त्या पाण्याबद्दल आपल्याला कितीतरी जास्त माहीत असतं. पण मी एकाच गोष्टीत खोल गेले नाही हे मला मान्य नाही. मी एकाच प्रश्नात गेले. तो जिथे नेईल तिथे गेले. पुन्हा संधी मिळाली तर हेच करीन, आणि तेव्हा कुणाची परवानगी मागत बसणार नाही.

अमूल्य रेड्डींचं नाव तू ऐकलं नसशील. विद्युतरसायनात जगभर मान असलेला माणूस. त्यांनी १९७४ला बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘अस्त्र’ नावाचा गट उभा केला आणि खेड्यातली चूल, बायोगॅस, मातीच्या विटा यांच्यावर काम सुरू केलं. खेड्यातल्या ऊर्जेचा पहिला हिशोब सरपण गोळा करणाऱ्या बाईच्या डोक्यावर येतो, हे ओळखणाऱ्यांतले ते होते. त्यांना कुणी म्हणालं नसेल का, की तुमचं क्षेत्र सोडून कुठे निघालात?

पण थांब. हे वाचून तू सगळंच थोडं थोडं शिकायला निघशील, तर ते मला मुळीच नको आहे. ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं गोळा करणारी मुलं मी पाहिली आहेत. आज पायथन, उद्या सी.एफ.डी., परवा ड्रोन. त्यांना प्रत्येक गोष्टीची पहिली पाच पानं येतात. प्रश्न धरला की तो तुला सहाव्या पानाच्या पुढे ढकलतो, कारण तुझं काम तिथे अडलेलं असतं. एआय शिक, जरूर शिक, पण कशाचं काय ओळखायला शिकवणार आहेस ते आधी ठरव.

‘सोलापुरात राहून कसला प्रश्न मिळणार’ हे वाक्य तू लिहिलंस ते मला सर्वांत जास्त लागलं. केगावला २००५पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरचा तेल्या रोग पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर एका पानावरून दुसऱ्यावर जातो. थेंब पानावर आपटल्यावर नेमका कसा फुटतो आणि रोग किती लांब उडवतो, यावर एमआयटीत लिडिया बुरुइबा काम करतात, द्रवयांत्रिकीच्या अंगाने. मंगळवेढ्याची काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यात मालदांडी ज्वारी नुसत्या मुरलेल्या ओलीवर पिकते आणि त्याच मातीवर बांधलेलं घर तडकतं. एकाच चिकणमातीचे दोन प्रश्न, एक शेतीचा, एक सिव्हिलचा. यांपैकी एकही बघायला विमानाचं तिकीट लागत नाही.

आणि तुझा प्रश्न तर तुझ्या घरात बसलाय. गेल्या वेळी आलास तेव्हा हसत हसत सांगितलंस की अण्णा टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी तक्रार करतात, आणि ‘आवाज येतोय रे, पण काय बोलतायत ते कळत नाही’ असं म्हणतात. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. हे नुसतं वयाचं नसावं, यंत्रमागाच्या शेडमधल्या गोंगाटाचं असावं. सततच्या गोंगाटाने कान जातो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातो. स, श, फ या अक्षरांचा आवाज वरच्या पट्टीतला, म्हणून ती आधी हरवतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. अण्णांनी तुला लक्षणच सांगितलंय.

साध्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढे असतो. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला ९० ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. आवाज कुठून येतो? पिकिंग स्टिक, म्हणजे मागाचा दांडा, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला फटका मारते तिथून, आणि धोटा पलीकडच्या पेटीत आपटून थांबतो तिथून. आघात, कंपन, पदार्थाचा लवचीकपणा. हे मेकॅनिकल नाही तर काय आहे रे? मग पुढचं बघ. सारखे चाळीस माग चालू असले आणि त्यातले वीस तू अगदी मुके केलेस, तरी शेडभरातला आवाज ३ डेसिबलनेच उतरतो. म्हणजे नुसते माग सुधारून भागणार नाही, छत आणि भिंतीही बघाव्या लागतील. कानात बोळे घातले तर धागा तुटल्याचा आवाज कसा ऐकू येणार, हे अण्णा तुला विचारतील, आणि त्यांचं बरोबर असेल. खर्च मालकाला परवडणार का, हेही त्यातच आलं. मेकॅनिकल, ध्वनिशास्त्र, पदार्थ, वैद्यक, अर्थशास्त्र. तुझी ती रात्रभर बघितलेली यादी एका शेडमध्ये उभी आहे.

तेव्हा परदेशातल्या प्राध्यापकांना ‘मला आपल्या सर्व संशोधनात रस आहे’ अशी पत्रं पाठवणं बंद कर. सर्वांत रस असणाऱ्याला कुणी घेत नाही. कॉलेजच्या लॅबमधून ध्वनिमापक मागून घे. मोबाइलवरच्या अॅपचा आकडा चालणार नाही. शेडच्या मालकांना आधी विचार, आणि त्यांचं नाव कुठेही लिहिणार नाही हे त्यांना सांग. उभ्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, ‘ए’ वेटिंगवर (माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजणाऱ्या सेटिंगवर), सगळे माग चालू असताना मोज. जेवणाच्या सुट्टीत निम्मे बंद असतील तेव्हा पुन्हा मोज. हिशोब आणि आकडा जुळले नाहीत तर घाबरू नकोस. जवळचा माग दूरच्या दहांना भारी पडतो, आणि त्या फरकातच तुझं पहिलं काम असेल.

अण्णांना सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या विभागात ने आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे. त्यांना सुट्टीनंतरच्या सकाळी, शेडमध्ये पाय टाकायच्या आधी ने. पाळी संपल्यावर लगेच नेलंस तर कान तात्पुरता बधिर झालेला असतो आणि आलेख खोटा येतो. निदान चौदा तास गोंगाटापासून लांब राहायला हवं. ते ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतील. आईंना मध्ये घाल.

हे आकडे आणि तो आलेख घेऊन ये. मग कोणत्या विद्यापीठाला काय लिहायचं ते आपण बसून बघू.

तुझी,
मॅडम