मृत्युपत्राचा विषय कसा काढू?

“मॅडम, मला एवढंच सांगा, विषय काढायचा कसा?”

मुलुंडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत समोर बसलेल्या ताई शाळेत शिक्षिका. वय ४४. वडील ७७ वर्षांचे, महापालिकेतून निवृत्त, आई ७२ ची, भाऊ पुण्यात. आईवडिलांचा फ्लॅट ताईंच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, त्यामुळे डॉक्टर, औषधं, बँक सगळं ताईंकडे. “भाऊ म्हणतो, तू जवळ आहेस, तूच बोल. मी बोलले तर अण्णा म्हणणार, हिला आमच्या मरणाची घाई झालीय. आणि वहिनी म्हणणार, हिचा डोळा घरावर आहे.”

दिवाळीत एकदा त्यांनी प्रयत्न करून पाहिला होता. “अण्णा, मृत्युपत्राचं काही बघायचं का?” असं पानावर बसल्यावर विचारलं. अण्णा म्हणाले, “मी अजून जिवंत आहे,” आणि अनारसा ताटात तसाच ठेवून उठले. तेव्हापासून ताईंना झोप नव्हती. आल्या होत्या त्याही झोपेची तक्रार घेऊनच. हे असं बरेचदा होतं. मालमत्तेची काळजी लोकांना उघड सांगता येत नाही, लोभी दिसू अशी भीती असते, मग ती पित्त, पाठदुखी, जागरण असं काहीतरी नाव घेऊन येते.

ही गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी ताईंना म्हटलं, मृत्युपत्र हा शब्दच काही दिवस विसरा. वाटणी विचारू नका, माहिती विचारा. तीही स्वतःसाठी नाही, आईसाठी, आणि आईला समोर बसवून. प्रश्न मरणाचा नको, दवाखान्याचा असू दे: “अण्णा, उद्या तुम्हाला आठ दिवस अ‍ॅडमिट करावं लागलं तर आईने पैसे कुठून काढायचे?” या प्रश्नाने अपमान होत नाही. आणि उत्तर द्यायचं तर कपाट उघडावंच लागतं.

पुढच्या रविवारी कपाट उघडलं. आतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. आई ४९ वर्षं तो डबा पुसून जागेवर ठेवत आली होती, आत काय आहे ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, रबर लावलेल्या एफडीच्या पावत्या, त्यातल्या दोन २०१४ सालीच मुदत संपलेल्या. (ठेव दहा वर्षं कुणी विचारली नाही की बँकेला ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत भरावी लागते. ती परत मागता येते, २०२३ पासून ‘उद्गम’ नावाच्या पोर्टलवर शोधताही येते, पण आधी ठेव होती हे घरात कुणाला तरी ठाऊक हवं ना.) विम्याची पॉलिसी, गावच्या जमिनीचा पिवळा पडलेला सातबारा. आणि सोसायटीच्या नॉमिनेशन फॉर्मची पोच, २००४ सालची. नॉमिनी म्हणून एकच नाव, भावाचं.

दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा माझ्यासमोर. “म्हणजे घर त्याचंच झालं की. मग मी कशासाठी बोलू?”

नॉमिनीबद्दलचा हा गैरसमज इतका पसरलाय की मी आता तो समजवायला एक उदाहरणच धरून ठेवलंय. तुम्ही घरी नसताना शेजारी तुमचं पार्सल घेऊन ठेवतात. दिसायला पार्सल त्यांच्या हातात असतं, पण आतली वस्तू त्यांची होत नाही. नॉमिनी तो शेजारी. बँक, सोसायटी, कंपनी यांना पैसे किंवा कागद कुणाच्या हातात द्यायचे हे कळावं, एवढ्यासाठी ते नाव. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८३ साली हे सांगितलं, शेअर्सच्या बाबतीत २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा. विम्यात मात्र २०१५ पासून अपवाद आहे: नवरा-बायको, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच. सोसायटीत नॉमिनीला मिळतं ते तात्पुरतं सभासदत्व. घराची मालकी मृत्युपत्राने ठरते, मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याने.

“मग अण्णांनी काहीच केलं नाही तर?” हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, ताई, भाऊ, तिघांना सारखा वाटा. आजी हयात असती तर तीही चौथी वाटेकरी. मुलाची आई पहिल्या वर्गातली वारस असते, हे माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या सुनांना माहीत नसतं आणि निम्म्या सासवांनाही. कागदावर हे न्याय्य दिसतं. अडचण ही की राहत्या घराचे तीन तुकडे झाले की ७२ वर्षांच्या बाईला तिच्याच स्वयंपाकघराबद्दल दोन मुलांच्या सह्या लागतात.

जुलैत अण्णा स्वतः आले. ताई म्हणाल्या, मी आणलं नाही, तेच म्हणाले चल. खुर्चीवर बसले, छत्री दोन गुडघ्यांमध्ये धरली आणि पहिलं वाक्य बोलले, “बाई, मी मरणाला घाबरत नाही.”

मी म्हटलं, ते दिसतंयच.

बराच वेळ छत्रीच्या मुठीशी खेळत राहिले. मग ताईंना बाहेर बसायला सांगितलं आणि बोलायला लागले.

“आमचे वडील ८६ साली गेले. गावचं घर माझ्या नावावर करायचं होतं. धाकटीला संगमेश्वरला बोलावली. हक्कसोडपत्र मी आधीच टाइप करून नेलं होतं. तिने विचारलं, दादा, काय आहे यात? मी म्हटलं, काही नाही गं, रीतीचा कागद. तिने सही केली. साडी घेऊन गेलो होतो, हिरवी. एस.टी. स्टँडवर तिच्या हातात दिली. गाडी लागली, तिने साडी बाकावर ठेवली आणि चढली. मला वाटलं विसरली, म्हणून खिडकीपाशी धावलो. तिने काच ओढून घेतली.”

त्यानंतर भाऊबीज नाही. साडी अण्णांनी परत आणली, ती पुढे कुणाला दिली त्यांना आठवत नव्हतं. किंवा सांगायचं नव्हतं.

एवढ्या वर्षांच्या कामात मला एक गोष्ट पटली आहे. मृत्युपत्राला अडून बसणारी माणसं मरणाला भिऊन बसत नाहीत. कुणाला काय आणि का, हे स्वतःच्या अक्षरात लिहावं लागतं, त्याला ती भितात. अण्णांना मुलीचं नाव लिहायचं तर बहिणीचं का लिहिलं नाही, याचं उत्तर आधी स्वतःला द्यावं लागत होतं. आणि ताई बिचाऱ्या समजत होत्या की अण्णांचा आपल्यावर विश्वास नाही.

अण्णांकडे एक सोयीची सबबही होती, बागेतल्या कट्ट्यावर मिळालेली: “मुंबईत विल केलं की प्रोबेट आलं. हायकोर्ट, पेपरात नोटीस, वकिलाची फी. त्यापेक्षा न केलेलं बरं.” सबब अगदीच खोटी नव्हती. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाने शिक्कामोर्तब करून देणं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातल्या कलम २१३ मुळे मुंबई, कोलकाता, चेन्नई इथल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना ते सक्तीचं होतं. अण्णांचं घर चेकनाक्याच्या पलीकडे ठाण्यात असतं आणि मृत्युपत्रही तिकडेच झालं असतं, तर सक्ती नव्हती! एखाद्या वारसाने हरकत घेतली की प्रोबेटच्या अर्जाचा सरळ दावा व्हायचा. पण मृत्युपत्र न करणाऱ्यांचं काही सुखाने होतं असंही नाही. त्यांच्या मुलांना वारस दाखला, नाहीतर उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळवायला कोर्टातच जावं लागतं.

भावाने व्हिडिओ कॉलवर तोडगा काढला. “अण्णा, आत्ताच बक्षीसपत्र करून टाका ना. राहतं घर मुलांना द्यायचं तर स्टॅम्प दोनशे रुपये आणि थोडा स्थानिक अधिभार. प्रोबेटची भानगडच नको.” भाऊ वाईट माणूस नाही, आयटीतला आहे, त्याला सगळं एकदाच मिटवून टाकायचं होतं. मी मात्र याला स्पष्ट विरोध केला. बक्षीसपत्र नोंदवलं त्या दिवसापासून घर तुमचं राहत नाही. माझ्याकडे एक आजी येतात. त्यांनी घर मुलाला बक्षीस दिलं, आता फ्रीज बदलायचा तर त्या सुनेला विचारतात. मुलगा सांभाळत नसेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण त्यासाठी सांभाळण्याची अट दस्तात लिहिलेली असावी. लिहिली नसेल तर ती होती हे पटवत म्हाताऱ्या माणसाला खेटे घालावे लागतात. मृत्युपत्राचं तसं नाही. ते शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं आणि तोवर घर आपलंच असतं.

मी वकील नाही. कुटुंबाला वकिलांकडे पाठवलं, पण त्याआधी एक बैठक माझ्याकडे झाली, अण्णा, आई, ताई, आणि फोनवर भाऊ. घर अण्णांच्या कमाईचं, म्हणजे ते कुणालाही देऊ शकत होते. (गोव्यात असं नसतं, तिथे जवळच्या वारसांचा अर्ध्या मालमत्तेवरचा हक्क मृत्युपत्रानेही काढता येत नाही.) अण्णांच्या मनात ताईंना जास्त द्यायचं होतं. तीच सगळं करते म्हणून. भाऊ फोनवर गप्प झाला.

तेव्हा आई बोलल्या. तोवर त्या तीन भेटींत मिळून दहा वाक्यंही बोलल्या नसतील. “तिला जास्त दिलंत तर तिने केलं त्याची मजुरी होईल.”

ताई रडल्या. भाऊ म्हणाला, “आई, तसं नाही गं,” पण कसं नाही ते त्याला सांगता आलं नाही. समान वाटणी ठरली.

मृत्युपत्र दोन पानांचं झालं. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. अण्णांनी दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि साक्षीदारांनी त्यांच्यासमोर. एक त्यांचे जुने ऑफिसमधले सहकारी, दुसरे फॅमिली डॉक्टर. घर कुणाला दिलंय हे साक्षीदारांना वाचून दाखवायची गरज नव्हती. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घ्यायचं नाही, हा वकिलांचा आग्रह. नोंदणी सक्तीची नसूनही दुय्यम निबंधकाकडे करून घेतली. खरी खटपट एका वाक्याची झाली: आई हयात असेपर्यंत घर तिचं, नंतर दोघांचं. आईला पूर्ण मालकी दिली की फक्त राहण्या-वापरण्याचा हक्क, यावरच पुढे भांडणं होतात, म्हणून ते वाक्य वकिलांनी तीनदा बदललं. डब्यात आता अण्णांच्या अक्षरातली एक यादी आहे, शेवटची ओळ: गॅसचं पुस्तक आईच्या नावावर करणे बाकी.

डिसेंबरात ताईंचा फोन आला. संसदेने कलम २१३ च काढून टाकलं, आता मुंबईतही प्रोबेट सक्तीचं नाही, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. “आमची घाई झाली का हो?” मी म्हटलं, नाही. प्रोबेटची सक्ती गेली, तरी वारसांत वाद असेल तर कोर्टाची पायरी चुकत नाही. तुमच्या घरात आता वाद नाही, इतकंच. भाऊ महिनाभर जरा तुटकपणे वागला म्हणाल्या, मग एफडीच्या जुन्या पावत्यांचा पाठपुरावा त्यानेच केला.

बहिणीचं राहिलं. गावचं घर हक्कसोडपत्राने गेलं होतं, पण जमिनीचा विषय तेव्हा निघालाच नव्हता, सातबाऱ्यावर अजून वडिलांचंच नाव. गेल्या वर्षी सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. अण्णा वडिलांचा मृत्यूचा दाखला घेऊन एकटे गावी गेले आणि वारसांच्या यादीत स्वतःच्या खाली बहिणीचं नाव लिहून आले. तिला काही कळवलं नाही. फेरफाराची नोटीस तिला चिपळूणला पोचली तेव्हा तिने फोन केला. दोन मिनिटांचा, अण्णांनी मला तो तीन वेळा सांगितला.

“दादा, नोटिशीत माझं माहेरचं नाव पडलंय. सासरचं लावून घे.”