चाकणची नोकरी की अप्रेंटिसशिप? आधी पत्रात काय लिहिलंय ते बघ

वयाने तू माझ्या पुतणीएवढी, म्हणून एकेरीत लिहितो. राग मानू नकोस.

मेकॅनिकलची बी.ई. झाल्यावर आठ महिने पंढरपूरला घरी, आणि आता एकदम दोन ठिकाणांहून बोलावणं. चाकणला कंत्राटदारामार्फत क्वालिटी ट्रेनी, तीन लाखांचं पॅकेज, पत्र ११ महिन्यांचं, बाँड दोन वर्षांचा, वर मूळ मार्कशीट जमा करायच्या. दुसरीकडे एका मोठ्या कारखान्यात वर्षाची अप्रेंटिसशिप, महिना १३,००० स्टायपेंड. यातलं काय घेऊ, असं तू विचारलंस. घरचे म्हणतात, तीन लाख सोडून तेरा हजारांवर कोण जातं.

मी भोसरीत २००६ साली लागलो, तेव्हापासून क्वालिटीतच आहे. भोसरी, मग रांजणगाव, आता चाकण. गेली काही वर्षं फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. त्या खुर्चीवरून दिसतं ते सांगतो.

आधी ते तीन लाख फोडू. महिन्याला झाले २५,०००. बेसिक १५,००० धर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० यातच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे सातशे-साडेसातशे यातच, आणि ते काही तुला दर महिन्याला मिळत नाहीत. वर्षअखेरीला मिळेल म्हणून सांगितलेला बोनस महिन्याला हजार धरला तर उरले साधारण २१,५००. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० गेला. प्रोफेशनल टॅक्स तुला नाही, महाराष्ट्रात बायकांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. म्हणजे हातात साडेएकोणीस हजारांच्या आसपास, कँटीन आणि बस कापायच्या आधी. मग फरक बारा हजारांचा नाही, सहा-साडेसहा हजारांचा उरला. तोही कमी नाही. कॉट बेसिसवर राहून डबा लावला की त्या पैशाची किंमत कळते. पण आकडा निदान खरा तरी समोर ठेवून भांडा.

आता बाँड. ११ महिन्यांचं पत्र आणि दोन वर्षांचा बाँड, हे गणित मला तरी सुटलं नाही. तुला बांधून घेतात, स्वतः मात्र मोकळे. आमच्याकडे सात किंवा ११ महिन्यांनंतरचा 'ब्रेक' हा शब्द पोराटोरांना पाठ आहे. सलग सेवा मोजली जाऊ नये म्हणून मधे ब्रेक द्यायचा, मग नवं पत्र, कधी कधी कंत्राटदाराचं नावही नवं.

बाँडला कोर्टात काही किंमत नसते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा तीन वर्षं सेवेचा आणि दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला. अर्थात ती रीतसर भरती करणारी सरकारी बँक होती आणि तिला नवीन भरतीला खरोखर खर्च येतो, हा मुद्दा त्यात होता. तुझा कंत्राटदार दोन दिवसांचं इंडक्शन देऊन लाखभर मागणार असेल तर ते प्रकरण वेगळं. तरी सही करण्याआधी रक्कम किती, ती कशापोटी, आणि त्यांनीच काढलं तर काय, या तीन ओळी कागदावर शोध.

मूळ मार्कशीट मात्र देऊ नकोस. यावर माझ्याशी वाद घालू नकोस. माझ्या पहिल्या वर्कशॉपच्या मालकाने डिप्लोम्याचं मूळ सर्टिफिकेट कपाटात ठेवून घेतलं होतं. दीड वर्षाने दुसरीकडून बोलावणं आलं, तिथे जॉइनिंगला मूळ कागद हवे होते. चार महिने मी दर शनिवारी त्या ऑफिसच्या बाकड्यावर बसायचो आणि दर शनिवारी कपाटाची किल्ली गावाला गेलेली असायची. ती नोकरी गेलीच. मूळ कागद दाखवायचे, समोर पडताळून घ्या म्हणायचं, झेरॉक्स द्यायची आणि पिशवीत घालून घरी आणायचे.

अप्रेंटिसशिपबद्दल कोणी सांगितलं नसेल ते आता. ती नॅट्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेत, नोंदलेली आहे ना, एवढं आधी विचार. नुसत्या 'ट्रेनी'ला अप्रेंटिस म्हणणारेही आहेत. नोंदलेली असेल तर करारावर तुझं, कारखान्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं. २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० स्टायपेंड ठरलं होतं, तुला १३,००० म्हणजे कारखाना पदरचे घालतोय. पीएफ कापला जाणार नाही, कारण कायद्याने तू कामगार नसून शिकाऊ आहेस. वर्ष संपल्यावर नोकरी देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, हेही डोक्यात ठेव.

आणि घरच्यांना हे नक्की सांग: वर्षभराचा किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव झाला की नॅट्सची अप्रेंटिसशिप मिळत नाही. अप्रेंटिसशिप करून नोकरी धरता येते. उलट्या क्रमाने जायचं म्हटलं तर वाट बंद.

तरीही डोळे मिटून अप्रेंटिसशिप घे असं म्हणणार नाही. दोन्हीकडे फोन करून एकच विचार: माझं काम नेमकं कुठे? फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर दिवसभर पार्ट बघून टिक मारायची असेल तर वर्षाने तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नसेल. स्टँडर्ड रूममध्ये (मापं तपासायची खोली), सीएमएम या मोजमापाच्या मशीनजवळ किंवा कस्टमर कंप्लेंट बघणाऱ्या माणसाच्या हाताखाली असशील तर सहा महिन्यांत ड्रॉइंग वाचायला लागशील, ८डी, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण शोधून द्यायचा रिपोर्ट, लिहायला शिकशील. तेवढ्यावर पुढची नोकरी मिळते. चाकणवाल्यांनी हे दिलं आणि मार्कशीटचा हट्ट सोडला, तर माझं मत त्यांच्याकडे झुकेल. आत्ता आहे तसं पाहिलं तर अप्रेंटिसशिप.

मुलाखतीचं विचारलं होतंस. मी एक बुश (पोकळ गोल पार्ट) आणि तो मोजायचा व्हर्नियर पुढे ठेवतो आणि म्हणतो, बाहेरचा व्यास सांगा. लीस्ट काउंट, म्हणजे व्हर्नियरवर मोजता येणारं सर्वात लहान माप, ०.०२ मिमी हे सगळ्यांना तोंडपाठ. पण जबडे तिरके धरतात आणि ५०.४८ ला ५०.५ म्हणून मोकळे होतात. मागच्या वर्षी एका मुलीने आधी रुमालाने जबडे पुसले, ते मिटवून शून्य जुळतंय का पाहिलं, मग तीन ठिकाणी माप घेऊन म्हणाली, "सर, हा किंचित ओव्हल आहे." मी तिचा बायोडाटा उघडलाही नव्हता. उघडल्यावर दिसलं, एटीकेटी दोनदा.

मोजायचा हात घरबसल्या येत नाही. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत कुणाच्या ओळखीने एखाद्या मशीन शॉपमध्ये पंधरा दिवस फुकट उभी राहा. गॅपबद्दल विचारलं तर सांगायलाही काहीतरी होईल.

आयटीचा कोर्स करू का, याचं उत्तर मला येत नाही, आयटीतल्या कुणी द्यावं. फक्त आधी फी आणि नंतर हमखास प्लेसमेंट म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. चाकण चौकातल्या, रजिस्ट्रेशन आणि सेफ्टी शूजच्या नावाखाली दोन-तीन हजार घेणाऱ्या कन्सल्टन्सीही त्याच जातीच्या.

नोकरीच धरलीस तर दोन महिन्यांनी यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, घेऊन पीएफचं पासबुक उघड. पगारातून कापलेले पैसे तिथे दिसले नाहीत तर त्याच दिवशी लेखी विचार.

दोन्ही पत्रं आली की नावं आणि नंबर झाकून मजकूर इथे टाक, ओळ न् ओळ बघून सांगतो. या आठवड्यात मला सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळे उत्तर रात्री साडेबारानंतरच येईल.