प्यूटर म्हणजे जस्त नव्हे!

बेळगावातल्या शहापूरच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगा हॅरी पॉटर वाचतोय. जादूच्या शाळेच्या यादीत पितळी तराजू आहे, तो कळला. पण 'प्यूटर'ची कढई म्हणजे कसली? शेजारचे सर 'जस्ताची' म्हणतात.

जस्त, जस्त ऐकून कान किटले! अहो, तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं. म्हणजे जस्त त्या तराजूत आहे, कढईत नव्हे. प्यूटर हे बहुतांशी कथील. कडकपणासाठी जरासं तांबं नि अँटिमनी. पूर्वी शिसंही घालत. (कुणी 'जर्मन' म्हणेल, तर तेही नव्हे. आपली जर्मनची पातेली ॲल्युमिनियमची.)

कथील पाहिलं नाही म्हणू नका. गल्लीच्या तोंडाशी कल्हईवाला भाता लावून बसायचा. तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट, भस्सकन पांढरा धूर, कथलाची कांडी टेकवली की पाणी पाणी. कापसाचा बोळा फिरवला की भांडं चांदीसारखं. कथील २३२ अंशांनाच वितळतं. हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल जादूची औषधं शिकायच्या पहिल्याच तासाला दुसऱ्या मुलाच्या, सीमसच्या, कढईचा गोळा करून ठेवतो, तो दोष औषधाचा खरा, पण आमच्या कल्हईवाल्याला त्यात नवल वाटलं नसतं. चुलीवर कथलाचं भांडं ठेवायला जादूगारच हवेत.

आता खरी गंमत. 'कल्हई' आली अरबी 'कलई'वरून, आणि ती मलायाकडच्या कलह बंदरावरून. कथील तिकडूनच यायचं. म्हणजे धातूला गावाचं नाव. आणि 'कथील'? संस्कृत 'कस्तीर'. ग्रीकांचा 'कस्सितेरोस' त्याचाच भाऊबंद. इथं कोशकार डोळे मिटून 'ग्रीकमधून आलेला' असं लिहून मोकळे होतात. पण पाणिनीच्या सूत्रात 'कास्तीर' नावाचं नगर आहे की! आणि बहुतेक अभ्यासक पाणिनीला अलेक्झांडरच्या आधी ठेवतात. मग ग्रीकांनी हा शब्द आणून दिला कधी? माझं म्हणणं, कलहवरून कल्हई, तसं कास्तीरवरून कस्तीर. आमचे एक व्याकरणवाले मित्र म्हणतात, उलटं असेल, कथलावरून गावाचं नाव पडलं असेल, संस्कृतात शब्दावरून नवा शब्द घडवताना 'क'चा 'का' होतो, 'का'चा 'क' नाही. म्हणोत बापडे. त्यांना दुकानाच्या कानडी पाटीवरचं 'हित्ताळे'सुद्धा परकं वाटतं. अहो, ते आपलं पितळच! कन्नडात जुना 'प' 'ह' झाला. पालु म्हणजे दूध, त्याचं हालु झालं, तसं पित्तळचं हित्ताळे. इथल्या खडेबाजारात एकाच परातीला मराठी नि कानडी दोघं दोन नावांनी हाका मारतात नि आपण पाट्यांवरून भांडतो.

हां, ताईंचा प्रश्न राहिलाच. 'कथलाची' म्हणा, बिनधास्त. फक्त कढई नको. कढई पसरट असते. ते भांडं खोल, पोट सुटलेलं. हंडा म्हणा की, कथलाचा हंडा.