पुण्याच्या रस्त्यांवर सायकल ट्रॅकला खरंच जागा आहे का?

आहे, पण सगळीकडे नाही. महापालिकेने सायकल आराखडा २०१७ मध्येच मंजूर केला, म्हणजे कागदाची अडचण नाही.

पेठांमध्ये, लक्ष्मी रस्त्यावर वेगळा ट्रॅक बसणार नाही. तिथे गाड्यांचा वेग कमी केला तरी पुरे. सेनापती बापट रस्ता किंवा सातारा रस्ता यांसारख्या रुंद रस्त्यांची गोष्ट निराळी. तिथे जागा असते, पण घोडं अडतं फाटकांशी आणि चौकांत. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाला ट्रॅक खाली उतरतो, पुन्हा चढतो. मध्येच विजेची डीपी (वीजपुरवठ्याची पेटी), झाड, वडापावची गाडी. आणि टक्कर होण्याचा धोका सर्वांत जास्त जिथे, त्या चौकाच्या अलीकडेच ट्रॅक संपतो! मग सायकलवाला रस्त्यावर उतरतो आणि आपण म्हणतो, ट्रॅक कुणी वापरतच नाही.

फाटकापाशी ट्रॅक सपाट ठेवावा, चढ-उतार मोटारीने करावा. चौकात रंगीत पट्टा पलीकडच्या टोकापर्यंत न्यावा. दुचाकी अडवायला खांब लावतात, पण ते फार जवळ लावले तर तीनचाकी सायकलही अडकते. माझं मत विचाराल तर दहा ठिकाणी तुकडे करण्यापेक्षा आधी एकच मार्ग सलग करावा, आणि त्यावरचं पार्किंग रोज उचलावं.