मुलाचे डोळे शाळेत तपासतातच, मग वेगळं न्यायची गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात साखळीला राहतो, मुलगा यंदा पहिलीत जातोय, शाळेत टीम येऊन तपासतेच तर बाहेर कशाला. मी म्हणेन न्याच, आणि आत्ताच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते ते चांगलंच आहे, पण दात, वजन, उंची, डोळे सगळं एकदम आणि मुलं रांगेत, पुढचा वाचतो ते मागच्याला पाठ होतं. माझी मुलगी असंच पाठ करून पास झाली, त्यात एक डोळा झाकायचा म्हणजे बोटांच्या फटीतनं बघायचं. मला कळलं ते घरी, खेळता खेळता. तिचा उजवा डोळा झाकला तर काही नाही, डावा झाकला की माझा हात ढकलून द्यायची, रडायलाच लागली. तेव्हा ती सहा वर्षांची.

बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं, थेंब घालून तपासलं. लहान मुलं जोर लावून फोकस करतात त्यामुळे प्लसचा नंबर लपून राहतो, थेंबांनी तो जोर सैल पडतो नि खरा नंबर कळतो. डाव्याला प्लस एक, उजव्याला प्लस पाच! एका डोळ्याने छान दिसतं म्हणून मूल तक्रार करत नाही आणि मेंदू दुसऱ्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो, यालाच आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर फरक चांगला पडतो, नंतर कठीण होत जातं, म्हणून सांगते थांबू नका.

चष्मा लागला, वर चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले हो. मग आजीने तिला अबोलीचे वळेसर करायला बसवलं, ती फुलं डोळ्यांजवळ धरून एकेक दोऱ्यात घ्यायची, कधी पेपराच्या हेडलाइनमधली गोलं रंगवायची, पट्टी विसरून जायची. दीड वर्षात उजवा ६/३६ वरून ६/९ वर आला, ६/६ म्हणजे पूर्ण नजर.

तुमच्याकडे आधी साखळीच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, तिथनं कागद घेऊन बांबोळीला जा आणि थेंब घालून तपासा असं स्वतः सांगा. जाताना टोपी न्या, थेंबांनंतर उजेड सहन होत नाही आणि जवळचं धूसर दिसतं, त्या दिवशी अभ्यासाला बसवू नका.