वाचक विचारतात: सर्दी झालीय, तरी माकडांच्या मागे रानात जाऊ का?

प्रश्न: ताई, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी सावंतवाडीजवळ लाल तोंडाच्या माकडांच्या एका टोळीच्या नोंदी घेते. दोन दिवस सर्दी-खोकला आहे, ताप नाही. सोबतचा मुलगा म्हणतो साध्या सर्दीने माकडांना काय होतंय, चल, डेटात गॅप पडेल. आई म्हणते माकडतापाचे दिवस आहेत, जाऊच नको. कुणाचं ऐकू?

उत्तर: सर्दी पूर्ण जाईपर्यंत घरीच रहा गं. "साधी सर्दी" हेच मला खटकलं, कारण युगांडातल्या किबाले जंगलात 2013 मध्ये 56 चिंपांझींच्या एका टोळीत साथ आली आणि त्यातले 5 मेले, आणि कारण काय तर आपल्याला सर्दी होते त्याच जातीचा एक रायनोव्हायरस. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात तर वर्षानुवर्षं संशोधकांना सरावलेले चिंपांझी खोकून खोकून मेले आणि त्यांच्या शरीरात माणसांतलेच श्वासाचे व्हायरस सापडले. तिथल्या लोकांना किती वाईट वाटलं असेल, ज्यांच्यासाठी आयुष्य घातलं त्यांनाच आपल्यामुळे आजार.

आता आपली माकडं म्हणजे चिंपांझी नव्हेत, मान्य, पण माणसाचा गोवर आणि टीबी या जातकुळीतल्या माकडांनाही होतो, म्हणून तुमच्यापैकी प्रत्येकाची गोवराची लस झालीय ना बघ, खोकला लांबला तर थुंकी तपासून घ्या. बरी असतानाही मास्क लावच. चिंपांझी-गोरिलांसाठी आधी 7 मीटर अंतर सांगायचे, कोव्हिड आल्यावर आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या तज्ज्ञांनी 10 मीटर सांगितलं, तूही तेवढं धर, आणि आपली माकडं धीट, ती स्वतःच जवळ येतात, तेव्हा तू मागे सर. डबा त्यांच्यासमोर उघडू नको, केळ्याची साल, वापरलेला टिश्यू सगळं पिशवीत परत आण, रानात थुंकायचं नाही. त्या दिवसांच्या रकान्यात "आजारी, गेले नाही" असं लिही, गॅप असलेला डेटा चालतो.

आईचंही खरं आहे. 2016 पासून दोडामार्ग-सावंतवाडीत माकडतापाने माणसं गेलीत. तो पसरतो गोचिडीतून, जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा सीझन. पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यात बसायचं नाही, आरोग्य केंद्रातून गोचिडीसाठी अंगाला लावायचं तेल आण, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ कर आणि अंग नीट तपास. मेलेलं माकड दिसलं तर फोटोसाठीसुद्धा जवळ जायचं नाही, त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच पसरलेल्या असतात, लांबूनच वनखात्याला कळव. आणि रानातून आल्यावर आठवड्याभरात अचानक जोराचा ताप, डोकं-अंग ठणकणं असं काही झालं तर क्रोसिन घेऊन पडून राहू नको, डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग की मी माकडांच्या मागे रानात फिरते.