आधी माती निवड

सप्रेम आशीर्वाद.

जपानला जाऊन कुंभारकाम शिकण्यासाठी तू केलेली गुरूंची यादी वाचली. जपानमधले बहुतेक नावाजलेले कुंभार तिच्यात आहेत आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्यांची भांडी तुला का आवडतात तेही तू लिहिलंयस. पण कुठल्या मातीत हात घालायचाय, ते कुठेच लिहिलेलं नाही. तिकडे गुरू शोधायचा तर आधी गाव शोधावं लागतं, आणि गाव ठरतं मातीवरून. त्यामुळे यादी बाजूला ठेव आणि नकाशा काढ.

बिझेनची भांडी घे. ओकायामा प्रांतातलं इंबे हे त्याचं मुख्य ठिकाण. भातखाचरांच्या खालून काढलेली बारीक, चिकट माती तिथे वर्षानुवर्षं मुरवून वापरतात. ती फार आकसते, घाईने तापवली तर तडकते, आणि ग्लेझशी, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाशी, तिचं जमत नाही. म्हणून तिथे भांडी बिनग्लेझची ठेवतात आणि पाइनच्या लाकडावर दहा-बारा दिवस, कधी त्याहूनही जास्त, भट्टी हळूहळू चढवत नेतात. तुला भुरळ घालणारा तो तांबूस रंग, तिथले लोक ज्यांना तीळ म्हणतात ते राखेचे ठिपके, भाताच्या पेंढ्याने उमटलेल्या लाल रेघा, हे सगळं त्या मातीच्या अडेलपणातून आलेलं आहे. आता हिशोब कर: एवढी मोठी भट्टी वर्षातून एकदा, फार तर दोनदा लागते. वर्षभरासाठी गेलीस, तर एखादीच भट्टी बघून परत येशील.

शिगा प्रांतातलं शिगाराकी याच्या अगदी उलट. माती भरड, तिच्यात फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे खडे. भाजताना ते वितळून अंगावर दाणे उठतात. मोठे रांजण उभे करायला ही माती उत्तम. तिथे १९९० साली उघडलेलं सिरॅमिक कल्चरल पार्क आहे, परदेशी कलाकारांना तिथे राहून काम करता येतं. पण ती सोय मुख्यतः स्वतःचं काम उभं केलेल्यांसाठी आहे. तू अजून तिथवर आलेली नाहीस, हे स्पष्टच सांगतो.

क्यूशू बेटावरच्या अरितात माती नाहीच, दळलेला दगड आहे. पोर्सिलेन, आपण चिनी माती म्हणतो ते. कोरियावरच्या स्वारीत धरून आणलेल्या कुंभारांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम तिथे सुरू केलं. (जपानी परंपरेचं गुणगान करताना एवढं लक्षात असू दे.) तिथे पूर्वापार कामं वाटलेली आहेत: चाकावरचा चाकावर, रंगवणारा रंगावर. तुला एका हाती सगळं शिकायचंय, त्यामुळे ते तुझं गाव नव्हे.

आणि क्यूशूतलं ओन्ता. ओढ्याच्या पाण्यावर चालणारी लाकडी उखळं तिथे दिवसरात्र माती कुटत असतात. मला विचारशील तर सगळ्यांत देखणी जागा हीच. पण तिथलं काम घरातल्या एकाच मुलाकडे जातं, बाहेरचा शिष्य घेत नाहीत. बघून ये, पत्र पाठवू नकोस.

माझं मत माशिकोच्या बाजूने आहे. टोकियोच्या उत्तरेला, तोचिगी प्रांतात. हे जुनं नामवंत केंद्र नव्हे. १८५३च्या सुमारास तिथे काम सुरू झालं ते पाण्याची मडकी, वाटण करायची भांडी, स्वयंपाकघरातला जिन्नस करण्यासाठी. माती भरड, फार गुणाची म्हणून कोणी नावाजत नाही. जपानी कुंभार शोजी हामादा इंग्लंडमध्ये तिथला कुंभार बर्नार्ड लीच याच्याबरोबर सेंट आइव्हज गावात भट्टी उभी करून परतले आणि १९२४ साली याच गावात आले. दुसरीकडून उत्तम माती मागवणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी गावचीच माती घेतली, ग्लेझ भाताच्या तुसाच्या राखेचं आणि जवळपासच्या दगडाचं केलं, आणि त्या मातीला झेपतील असे जाड, रुंद, सरळ आकार ठरवले. १९५५ साली त्यांना जपान सरकारचा जिवंत राष्ट्रीय ठेवा हा मान मिळाला. २०११च्या भूकंपात गावातल्या पुष्कळ भट्ट्या ढासळल्या, हामादांची उतारावर बांधलेली चढती भट्टीसुद्धा; पुढे ती बांधून पुन्हा पेटवली. बाहेरून येऊन स्थायिक झालेले कुंभार तिथे भरपूर आहेत, त्यामुळे परक्या माणसाला दार उघडण्याची शक्यताही जास्त.

आता शिष्याचं काम. 'माती तीन वर्षं, चाक दहा वर्षं' असं तिकडे म्हणतात, आणि यातली तीन वर्षं नुसतं मळण्याची. मळताना मातीच्या गोळ्यावर शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या घड्या पडल्या पाहिजेत. त्या तुला आज येतात, पण दोन किलोच्या गोळ्यावर. दहा किलोवर येतात का बघ. बाकी दिवस झाडण्यात, लाकूड फोडण्यात, राख चाळण्यात, पाहुण्यांचा चहा करण्यात आणि भांडी कागदात गुंडाळून खोक्यांत भरण्यात जाईल. हे भरणं हलकं काम समजू नकोस. गुरूची शेकडो भांडी तुझ्या हातांतून जातात, वजन कळतं, बूड कळतं. तिकडचा जाणकार पेला हातात घेतला की उलटा करून आधी बैठकीची कडा बघतो. तू मला पाठवलेल्या फोटोंत एकाही भांड्याचं बूड दिसत नाही.

चाकावर बसवलं, की एकच पेला करायला सांगतील. मोठ्या गोळ्याच्या टोकावरून एकामागून एक काढायचा, प्रत्येक वेळी तोंडाची रुंदी आणि खोली बांबूच्या आडव्या-उभ्या काडीने मोजायची, फळी भरली की दुसरी घ्यायची. आपली शैली कधी दाखवायची, हे विचारायचं नाही. समजावून सांगणं फार कमी. संध्याकाळी फळीवरचे निम्मे पेले पुन्हा मातीच्या पिंपात गेलेले दिसले, की समजायचं. गोरोबाकाकांचं थापटणं तिथेही डोक्यावर पडतंच, फक्त कच्चं की पक्कं ते कोणी मोठ्याने बोलत नाही.

एक बारीकशी पण त्रासदायक गोष्ट: तिकडे चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. कॉलेजात तू शिकलीस ते उलट दिशेचं. तुझ्या विजेच्या चाकाला दिशा बदलायचं बटण असेल, ते आजच फिरव. पहिले काही आठवडे हात बावचळतील. ते इथेच उरकलेलं बरं.

पैशांचं बोलू. गुरूकडे राहून शिकायचं तर साधारणपणे सांस्कृतिक कार्याचा व्हिसा लागतो. त्याच्यावर कमाई करता येत नाही, आणि राहण्याचा खर्च कुठून करणार ते कागदावर दाखवावं लागतं. म्हणजे संध्याकाळी हॉटेलात भांडी घासून भागवीन, हा तुझा बेत बाद. बाबांना आकडा आधी सांग, त्यांचा होकार नंतर माग. गुरूच मिळाला नाही तर गिफू प्रांतातल्या ताजिमी गावाची नगरपालिका सिरॅमिकची प्रशिक्षण संस्था चालवते. ग्लेझचं रसायन तिथे रीतसर शिकायला मिळेल, एखाद्या म्हाताऱ्या गुरूकडे मिळेलच असं नाही.

भाषेला पर्याय नाही. तू पुण्यात आहेस, जपानी शिकवणारी रानडे इन्स्टिट्यूट तुझ्या घरापासून चालत जाण्याजोगी आहे, तेव्हा सबब चालणार नाही. कार्यशाळेत इंग्रजी बोलणारा कोणी असेलच असं धरू नकोस.

जाण्याआधी पुदुच्चेरीला एक फेरी मार. तिथलं गोल्डन ब्रिज पॉटरी १९७१ साली डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी सुरू केलं. स्मिथबाई त्याआधी बिझेनला शिकल्या होत्या. पण पुदुच्चेरीत येऊन त्यांनी बिझेनची नक्कल मांडली नाही. रोजच्या वापराची ग्लेझची भांडी केली, आणि या देशातल्या स्टुडिओ कुंभारांची एक अख्खी पिढी तिथे घडली. त्याही आधी सरदार गुरचरणसिंग १९१९ साली जपानला गेले. लीच, हामादा यांच्याशी मैत्री जोडून परतले आणि नाव कमावलं ते दिल्लीच्या निळ्या भांड्यांवर.

तुझ्यापुढेही हा प्रश्न येणार. आपली काळी माती वाळताना भेगाळते. आपले कुंभार तिच्यात लीद, राख मिसळतात, आवा लावून हलक्या आचेवर भाजतात. स्टोनवेअरच्या, म्हणजे दगडासारखी पक्की भांडी भाजण्याच्या, कडक आचेला ती टिकत नाही. मग परत आल्यावर तू काय वापरणार? गुजरात-राजस्थानातून पोती मागवणार, की नदीकाठची माती घेऊन तिला झेपेल असं काही काढणार? उत्तर आज नको. पण जिथे हा प्रश्न रोज डोळ्यांपुढे राहील अशाच गावात जा.

गुरूला लिहायचं पत्र जपानीत, हाताने, एका पानाचं असू दे. भांड्यांचे चार फोटो, त्यांतले दोन बुडाचे. त्यांच्या कामाची स्तुती दोन ओळींच्या वर नको. मळायला, झाडायला, लाकूड फोडायला तयार आहेस एवढं लिही आणि किती काळ राहू शकतेस ते स्पष्ट सांग. मसुदा आधी भाषेच्या बाईंना दाखव, मग मला पाठव.

तुझा,
काका